गोळीच्या पोटात

जर्मनीतील डार्मस्टाट येथील मर्क या औषध कंपनीने 1912 सालच्या अखेरीस, रक्तस्राव थांबवणारे औषध तयार करण्याची एक नवी रीत आपल्या मालकीची राहावी म्हणून पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्या रीतीतील मधला टप्पा म्हणून अंतोन क्यॉलिश या रसायनशास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या एका संयुगाकडे कोणाचेही विशेष लक्ष गेले नाही. आणि त्याचा मानवी मनावर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे त्या काळी कोणास प्रयोजनही नव्हते. पुढे साठेक वर्षांनी अलेक्झांडर शुल्गिन या कॅलिफोर्नियातील रसायनज्ञाने ते पुन्हा तयार करून स्वतः घेऊन पाहिले, त्याच्या ओळखीच्या काही मानसोपचारकांनी रुग्णांचे मन मोकळे व्हावे म्हणून त्याचा वापर आरंभला, आणि उपचारकांच्या खोलीतून ते नृत्यगृहांत पोहोचल्यावर 1985 साली अमेरिकन सरकारने तातडीचा मनाई हुकूम काढला. हेच ते एमडीएमए, ज्यास पार्ट्यांत जाणारी तरुण मंडळी एक्स्टसी म्हणतात. मनाईने त्याचा प्रसार थांबला नाही. 1988 च्या सुमारास इंग्लंडमधील रात्रभराच्या नृत्यमेळ्यांत ते सर्रास झाले, आणि त्याच संगीताच्या मागोमाग गोव्यातील हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर, पुढे मुंबई-पुण्याच्या पार्ट्यांतही आले.

या द्रव्याची ओढ का वाटते, हे प्रामाणिकपणे सांगितल्यावाचून त्याच्या धोक्याविषयी बोलणे मला अनुचित वाटते. कारण ज्या तरुणाने ते एकदा अनुभवले आहे, त्याला वडीलधाऱ्यांनी केवळ विषाची भीती घातली, तर तो त्यांच्या पुढल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवीत नाही. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात मनावरील संकोचाचा पडदा दूर होतो, अपरिचितांविषयीही विलक्षण जिव्हाळा वाटू लागतो, स्पर्श आणि संगीत यांची गोडी वाढते आणि ही अवस्था तीन ते सहा तास टिकते. मेंदूतील ज्या पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य साठवून ठेवतात आणि गरजेप्रमाणे थोडे थोडे सोडतात, त्या पेशींत एमडीएमए शिरते आणि ते द्रव्य परत आत घेणारी यंत्रणाच उलटी फिरवते. वर्षभर पुरवून खायचे धान्य एका रात्रीच्या पंगतीत संपवावे, तसा तो साठा रिता होतो. नवे सेरोटोनिन घडवणारे विकरही काही काळ मंदावते, आणि म्हणून पार्टीनंतर दोन-तीन दिवसांनी अनेकांना अकारण उदासी, चिडचिड आणि निद्रानाश ग्रासतो. त्याच वेळी नॉरॲड्रेनॅलिन वाढल्यामुळे नाडी आणि रक्तदाब चढतात, बाहुल्या विस्फारतात, जबडा आवळला जातो. हृदयाचा छुपा दोष असणाऱ्या माणसास एवढेही घातक ठरू शकते.

परंतु या गोळीने जे मृत्यू घडतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ शरीराच्या उष्णतेत आहे. एमडीएमए मेंदूतील तापमान-नियमनाच्या केंद्रास बिघडवते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करून आतली उष्णता बाहेर जाण्याची वाट अडवते, आणि थकवा, तहान, गुदमरणे या ज्या खुणांनी शरीर माणसाला थांबायला सांगते, त्या खुणाच पुसून टाकते. वर गर्दीने भरलेला बंदिस्त दिवाणखाना किंवा किनारपट्टीची दमट हवा, आणि तासन्‌तास अखंड नृत्य. शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले, की स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, त्यांतील प्रथिने मूत्रपिंडात अडकून ती निकामी करतात, यकृत ढासळते, आणि रक्तात जागोजागी गुठळ्या होऊन, गोठण्यास लागणारे घटक त्यातच खर्ची पडल्यामुळे, अन्यत्र रक्तस्राव सुरू होतो. जो तरुण मध्यरात्री हसत नाचत होता, तो पहाटे अतिदक्षता विभागात अनेक अवयव गमावून बसलेला असतो. आणि त्याने घेतलेली मात्रा त्याच्या मित्रांहून अधिक होती, असेही नेहमी नसते.

या उष्णतेवर उपाय म्हणून पाणी पीत राहा, असा उपदेश नृत्यगृहांत रूढ झाला, आणि त्यातूनच दुसरे संकट उभे राहिले. एमडीएमएमुळे शरीरात मूत्र रोखून धरणारे संप्रेरक वाढते. अशा स्थितीत प्यालेले पाणी बाहेर पडत नाही, रक्तातील सोडियम पातळ होते, आणि कवटीच्या बंद पेटीत मेंदूला सूज येते. 1995 च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका मुलीने आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या समारंभात, स्वतःच्या घरात, एक गोळी घेतली, अस्वस्थ वाटू लागल्यावर दीड तासाच्या आत ती सुमारे सात लीटर पाणी प्याली, आणि बेशुद्ध झाली ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. त्या मृत्यूने सारे इंग्लंड हादरले. गोळीत काही भयंकर भेसळ असावी, असा तर्क प्रथम झाला, पण अखेर कारण निघाले ते पाण्याने सुजलेल्या मेंदूचे. तिने केले ते जीव वाचवण्याच्या बुद्धीनेच केले होते, ही गोष्ट मला फार व्याकूळ करते. या प्रकारचा धोका स्त्रियांना अधिक असल्याचे वैद्यकीय नोंदींत आढळते. डोके दुखणे, उलट्या, असंबद्ध बोलणे आणि मग झटके, असा त्याचा क्रम असतो. आणि नशेत असे होतच असते, या समजुतीने सोबती त्याकडे दुर्लक्ष करतात.

इथवर आपण असे गृहीत धरले, की गोळीत एमडीएमएच होते. वस्तुतः घेणाऱ्याला त्याची काहीच हमी नसते. नेदरलँड्समध्ये 1992 पासून लोकांनी आणून दिलेल्या गोळ्यांची सरकारमान्य तपासणी होत आली आहे. तेथे या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मानाने पुढील दशकात गोळीतील सरासरी एमडीएमए जवळजवळ दुप्पट झालेले दिसले. म्हणजे दिसायला तीच, त्याच रंगाची आणि छापाची गोळी एके ठिकाणी एक मात्रा, तर दुसरीकडे दोन-तीन मात्रा असू शकते. शिवाय एमडीएमएचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरालाच ते निष्प्रभ करते. त्यामुळे दुसरी गोळी घेतली, तर रक्तातील प्रमाण दुपटीहून अधिक चढते. कित्येकदा तर आत पीएमए नावाचे निराळेच द्रव्य असते, ज्याचा परिणाम उशिरा सुरू होतो. घेणारा गोळी कच्ची निघाली असे समजून आणखी एक घेतो, आणि मग ज्वराचा जो भडका उडतो तो आवरत नाही. नामांकित प्रयोगशाळाही अशा गफलतीतून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात, एमडीएमएने माकडांच्या मेंदूतील डोपामिन-पेशी नष्ट होतात, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी तो निबंध मागे घ्यावा लागला, कारण बाटलीवरील चिठ्ठी चुकीची होती आणि माकडांना दिले गेले होते ते मेथॲम्फेटामाइन. मग अंधारात हातात पडलेल्या गोळीविषयी कोण काय सांगू शकणार?

आपल्या महाराष्ट्रात तर नावाचाच घोटाळा आहे. मुंबईत ज्याला एमडी म्हणतात ते एमडीएमए नव्हे, ते मेफेड्रोन हे निराळेच द्रव्य. त्याचा प्रसार कसा वाढला, तेही पाहण्यासारखे आहे. कंबोडियातील जंगलांतील झाडांपासून काढलेले सॅफ्रोल तेल एमडीएमएचा कच्चा माल म्हणून चोरट्या मार्गाने जात असे. 2008 साली तेथील सरकारने त्याचा 33 टनांचा साठा जप्त करून जाळून टाकला, युरोपात एक्स्टसीची टंचाई झाली, आणि ती जागा मेफेड्रोनने घेतली, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे 2015 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने मेफेड्रोन अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. पण 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोनचा मुद्देमाल हस्तगत केला, यावरून हा धंदा किती खोल रुजला आहे हे कळते. मेफेड्रोनचा उन्माद लवकर ओसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेण्याची वासना प्रबळ होते, रात्रीमागून रात्री झोप उडते, संशयाने मन पोखरते. एमडीएमएहून त्याचे व्यसन जडणे पुष्कळच सुलभ आहे.

एमडीएमए वर्षानुवर्षे आणि वारंवार घेणाऱ्यांत स्मरणशक्ती मंदावल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे, जरी असे लोक बहुधा इतर द्रव्येही घेत असल्याने दोष कोणाच्या पदरी किती घालावा हे ठरवणे कठीण जाते. औदासीन्यावरील औषधे घेणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. त्यांतील मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या जातीच्या औषधांशी या गोळीचा संयोग झाला, तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन मृत्यू ओढवू शकतो. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना तीव्र मानसिक आघाताच्या रुग्णांसाठी हेच द्रव्य देण्याची मुभा दिली आहे, तर अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने 2024 च्या ऑगस्टमध्ये तशी अनुज्ञा नाकारली. पण अशा उपचारात मात्रा मोजलेली, हृदय तपासलेले आणि डॉक्टर उशाशी असतो. त्या उपचाराचा दाखला देऊन पार्टीतील गोळीला निर्दोष ठरवू नये.

आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे स्वरूप कठोर आहे, आणि ते घरोघरी माहीत असावे. एमडीएमए अर्धा ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण मानले जाते, आणि 10 ग्रॅमहून अधिक असल्यास ते व्यापारी प्रमाण ठरते, ज्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. त्यातही 2020 च्या हिरा सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार भेसळीच्या निरुपद्रवी पदार्थांसह संपूर्ण वजन धरले जाते, म्हणजे मित्रांसाठी म्हणून खिशात ठेवलेल्या काही डझन गोळ्या विद्यार्थ्याचे तारुण्य तुरुंगात घालवू शकतात. परंतु त्याच कायद्यातील 64-अ हे कलम, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील जो व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो, त्यास खटल्यापासून संरक्षण देते, आणि ही तरतूद फारच थोड्या आईवडिलांच्या कानी पडलेली असते. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातील मुलांसाठी उभे राहिले. आज अशा केंद्रांच्या दाराशी एमडीची मुले येतात.

माझे सांगणे विशेषतः सोबत्यांना आहे. जवळचा मित्र भाजल्यासारखा तापला, बरळू लागला, त्याला झटके आले किंवा तो उठेनासा झाला, तर पोलिसांच्या आणि घरच्यांच्या धास्तीने त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवू नये. 108 क्रमांकावर फोन करावा, त्याला गार जागी नेऊन जादा कपडे काढावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवावे, आणि तोंडात पाणी मुळीच ओतू नये. इस्पितळात पोहोचल्यावर कोणती गोळी, किती आणि केव्हा घेतली, सोबत दारू किंवा नेहमीचे एखादे औषध होते काय, हे डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावे, आणि उरलेली गोळी असल्यास ती त्यांच्या हवाली करावी; कारण तापलेल्या देहाला बर्फ हवा की सुजलेल्या मेंदूला मिठाचे तीव्र सलाइन, याचा निर्णय डॉक्टरांना काही मिनिटांतच करावयाचा असतो.