पुडक्याचे वजन आणि धुराचे वजन

भोरच्या पेठेतून पाच किलो इंद्रायणी तांदळाचे पार्सल दिल्लीला निघाले. ते ट्रकने जावे की विमानाने? मागवणारा म्हणेल, जे लवकर पोचेल त्याने. आम्ही मोटारकामगारांच्या संघटनेत वाढलेली माणसे. शाळा लवकर सुटली, हिशेब शिकलो तो मालाच्या पावत्यांवर. तेव्हा हाही हिशेब पावतीसारखाच मांडू.

वाहतुकीचे माप टन-किलोमीटर. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर काम झाले. तेवढ्या कामाला भरलेला मोठा ट्रक ढोबळ मानाने 100 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. आगगाडी त्याहून पुष्कळच कमी सोडते. विमान मात्र 500 ग्रॅमपासून 1 किलोपर्यंत सोडते. कारण उघड आहे. ट्रकचे ओझे रस्ता पेलतो. विमानाला स्वतःचे आणि मालाचे ओझे इंधन जाळून अधांतरी पेलावे लागते. शिवाय उंचावर त्याच्या वाफेचे जे पांढरे पट्टे उमटतात, तेही पृथ्वीची उष्णता अडवतात. ती या आकड्यात धरलेली नाही.

आता पार्सलाकडे वळू. भोर ते दिल्ली रस्त्याने सुमारे 1,500 किलोमीटर. पाच किलोंचे काम साडेसात टन-किलोमीटर, आणि धूर पाऊण किलो. लोहगावहून विमानाने अंतर सुमारे 1,200 किलोमीटर. टन-किलोमीटरला 800 ग्रॅम धरले तर धूर 4.8 किलो. म्हणजे जेवढा तांदूळ, जवळजवळ तेवढाच धूर!

पण म्हणून रस्त्याची वाहतूक निर्दोष, असे कोणी समजू नये. नसरापूरहून वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवर एकाच पार्सलासाठी टेम्पो धाडला आणि जाऊन-येऊन दीड लिटर डिझेल जाळले, तर चार किलो वायू झाला. लिटरला सुमारे 2.7 किलो पडतो. विमानाने जी नासाडी झाली असती, ती येथेच झाली. त्याच टेम्पोत चाळीस पार्सले असती तर प्रत्येकाच्या वाट्याला 100 ग्रॅम आले असते. आणि एस.टी. तर वाडीवर जाणारच असते. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर निघालेली ती गाडी आजही माणसांबरोबर गाठोडी नेते. तिच्यावर एक पुडके चढवले तर डिझेल कितीसे वाढणार?

तेव्हा खरा दोष घाईचा आहे. ‘उद्याच पाहिजे’ म्हटले की माल विमानात चढतो, किंवा अर्धा रिकामा टेम्पो निघतो आणि ड्रायव्हर रात्र जागतो. गाडी भरेपर्यंत थांबायला कोणी तयार नसते. लस, रक्त, औषध विमानाने अवश्य जावे. तेथे प्राण वाचतात. तांदळाला आणि चपलेला कसली घाई?

आमच्या मुलखात भात पावसाच्या भरवशावर पिकते. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत वरंधा घाटाचा रस्ता खचला. ती एक आपत्ती अमक्याच्या धुराने आली, असे आम्ही म्हणत नाही. पण हवा तापते तसा मुसळधार पावसाचा जोर वाढतो, हे शास्त्राने दाखवले आहे. पार्सल दोन दिवस उशिरा आले तर घरात काही अडत नाही. लावणीचा पाऊस बिघडला तर शेतकऱ्याचे वर्ष जाते. मागणी नोंदवताना पावतीची ही दुसरी बाजूही एकदा वाचावी, एवढेच आमचे सांगणे आहे.