अरुंद झडप आणि चुकलेला ताल

हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात. फुफ्फुसांतून आलेले रक्त वरच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या कर्णिकेत जमते आणि तिथून खाली जवनिकेत उतरते. या दोहोंमधली मायट्रल झडप पूर्ण उघडली, की रक्ताला ४ ते ६ चौरस सेंटिमीटर वाट मिळते.

आपल्याकडे ही वाट अरुंद होण्याचे मूळ बहुधा बालपणात असते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे मुलाचा घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा, घोटा, मनगट आळीपाळीने सुजतात. हा रुमॅटिक फीव्हर, म्हणजे संधिवाताचा ताप. जिवाणूविरुद्ध जागी झालेली प्रतिकारशक्ती यात स्वतःच्या झडपेवरच उलटते.

पहिली चूक इथेच होते. सांधे पूर्ण बरे होतात आणि घरचे निश्चिंत होतात. झडपेची इजा मात्र दुखत नाही. म्हणून डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगतात, तेही कित्येक वर्षे. ते फार दुखते, शाळा बुडते, मूल तर ठणठणीत दिसते, आणि मग इंजेक्शन सुटते. ताप उलटला की झडप आणखी बिघडते. हे इंजेक्शन कृपया चुकवू नका.

पुढे वर्षानुवर्षे झडपेच्या पाकळ्या जाड होऊन कडांना चिकटत जातात. वाट १.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उरली, की आजार तीव्र समजतात. रक्त मागे तुंबते आणि जिना चढताना धाप लागते. हा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो, आणि त्यांची धाप ‘रक्त कमी आहे’ म्हणून अंगावर काढली जाते. कित्येकींना तो गरोदरपणात, हृदयावरचा भार वाढल्यावरच कळतो. निदानासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करावी लागते.

आता तालाकडे येऊ. तुंबलेल्या रक्ताने कर्णिका ताणून मोठी होते, तिच्या भिंतीत वण पडतात आणि ठोक्याची विद्युतलहर भरकटते. कर्णिका आकुंचन न पावता नुसती थरथरते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहा. ठोके कसेही, वेडेवाकडे पडत असतील, तर ईसीजी काढा. ताल अधूनमधूनच बिघडत असेल, तर एका ईसीजीत तो सापडत नाही. तेव्हा २४ तासांची नोंद घेणारे होल्टर यंत्र लावतात.

या अवस्थेत दोन धोके असतात. ठोके जलद पडले, की अरुंद वाटेतून रक्त उतरायला वेळच मिळत नाही आणि फुफ्फुसांत पाणी साचते. दुसरा धोका मला जास्त भीतिदायक वाटतो: कर्णिकेच्या कोपऱ्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो.

म्हणून ठोके आवरणाऱ्या औषधासोबत रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी देतात. तिचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीत कळतो. आकडा साधारण २ ते ३ मध्ये हवा. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. हा आकडा स्थिर राहावा म्हणून पालेभाजी सोडू नका, पण एक आठवडा रोज आणि पुढे महिनाभर नाही, असेही करू नका. दुकानातून वेदनाशामक परस्पर घेऊ नका. दिवस राहिले किंवा राहावेत असे वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते.

तपासणी नको म्हणून नव्या प्रकारच्या गोळ्या मागण्याचा मोह होतो. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या अभ्यासात अशा रुग्णांचे मृत्यू रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनसारख्या जुन्या औषधांवर कमी झाले.

पाकळ्या फार कडक नसतील आणि कर्णिकेत गुठळी नसेल, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडता येते. धाप पटकन कमी होते. ताल मात्र बहुतेकदा बिघडलेलाच राहतो, त्यामुळे वॉरफरिन त्यानंतरही चालूच ठेवावी लागते.