गाळाची बेटे आणि आवर्तनाचे पाणी

नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात एवढे पक्षी का येतात, असे विचारले की 'पाणी आहे म्हणून' हे उत्तर हमखास मिळते. पण पाणी गंगापूर आणि दारणा धरणांतही आहे, आणि ते कितीतरी जास्त आहे. फरक गाळाचा आहे. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाखाली ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. त्यामागे दोन्ही नद्यांचा गाळ साचत गेला, जलाशय उथळ झाला आणि जागोजागी बेटे वर आली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. तरीही १९८६ चे अभयारण्य आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान, दोन्हींच्या मुळाशी हाच गाळ आहे.

बेटाच्या काठापासून पाण्याची खोली हळूहळू वाढत जाते आणि प्रत्येक खोलीवर वेगळा पक्षी पोट भरतो. ओल्या चिखलात तुतारी चोच खुपसते, तर लांब तांबड्या पायांचा शेकाट्या थोडा आत उतरतो. चमचा पक्षी चोच अर्धवट उघडी ठेवून पाणी डावी-उजवीकडे ढवळत चालतो आणि काही लागले की ती झटकन मिटतो. थापट्या बदकाच्या चोचीच्या कडा कंगव्यासारख्या असतात. त्यांतून पाणी निघून जाते आणि बारीक जीव अडकतात. तलवार बदक डोके खाली, शेपूट वर करून तळ चाचपते, म्हणजे त्याची मान पोहोचेल तेवढेच पाणी त्याच्या उपयोगाचे. पावसाळ्यात हेच काठ पाण्याखाली जातात आणि कमळपक्षी तरंगत्या पाणवनस्पतींवर घरटे करतो. अंडी नर उबवतो. पुढे पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागतो, त्याच सुमारास हिमालय ओलांडून पट्टकादंब दक्षिणेकडे उतरतात. उन्हाळ्यात उघड्या गाळावर गवत माजते, पुराच्या पाण्यात कुजते आणि त्यावर किडे-अळ्या पोसतात. पाण्याची ही चढ-उतार थांबली, तर नुसता साठा पक्ष्यांना पुरणार नाही.

हे सारे मानवनिर्मित, मग निसर्ग म्हणून ते का जपायचे, असा एक आक्षेप असतो. भरतपूरचे केवलादेवही माणसाने बांध घालूनच घडवले. म्हणून त्याचे मोल कमी झालेले नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इथल्या कालव्यांवर कोपरगाव, राहाता, वैजापूरची शेती अवलंबून आहे आणि गाळाने साठवण घटते. ही अडचण खरीच आहे. पण बंधाऱ्याच्या तोंडाजवळचा गाळ काढणे वेगळे आणि बेटे सपाट करणे वेगळे. शिवाय पक्ष्यांसाठी जास्तीचे पाणी कोणी मागत नाही. प्रश्न पातळी किती वेगाने बदलते एवढाच आहे. आवर्तनासाठी ती एकदम चढली तर चरायचे काठ बुडतात, एकदम उतरली तर चिखल वाळून कडक होतो. त्यात सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी उरलेले उथळ पाणीही झाकून टाकते.

म्हणून आवर्तनाच्या तारखा ठरवताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी पातळी सावकाश बदलेल असे नियोजन व्हावे. वन्यजीव विभागाने त्यासाठी आग्रह धरावा आणि निफाड-कोपरगावच्या शेतकऱ्यांनी त्याला साथ द्यावी.