बारमधील स्वच्छतागृह कसे पारखावे?

शीर्षक वाचून काही वाचक नाक मुरडतील, काही गालांतल्या गालांत हसतील, आणि आमच्या वर्गातील मित्रमंडळी तर 'लेखकाला हा अनुभव कोठून आला?' असे चारचौघांत विचारतील. म्हणून आरंभीच खुलासा करतो. मी दारू पीत नाही. माझी आई गेली चार वर्षे शहरातील परमिट रूमच्या भटारखान्यात भाकऱ्या आणि चपात्या करते. या काळात तिने तीन ठिकाणी काम केले. रात्री उशिरा बस मिळत नाही, म्हणून तिला आणायला मी सायकल घेऊन जातो. हॉटेल बंद होईपर्यंत थांबावे लागते, आणि थांबण्याची जागा बहुधा मागच्या दारी, स्वच्छतागृहाला लागून असते. तेथील दिव्याखाली मी राज्यशास्त्राचे पुस्तक वाचले आहे. त्याबरोबर आणखी एका विषयाचा अभ्यास आपोआप झाला. तो येथे मांडतो.

प्रथम 'परमिट रूम' या शब्दाविषयी. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य पिण्यास मनाई केली. परवाना असणाऱ्यांनी बसायची जागा ती परमिट रूम. पुढे बंधने सैल झाली, तरी पाटीवरचे नाव टिकले.

आता प्रश्न असा की, बारचे स्वच्छतागृह साध्या खानावळीपेक्षा वेगळे का पारखायचे? याचे कारण शरीरशास्त्रात आहे. मूत्रपिंडांनी पाणी राखून ठेवावे म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवत असते. मद्यामुळे त्याचे प्रमाण घटते व लघवी अधिक होते. त्यामुळे खानावळीतला गिऱ्हाईक जेथे एकदा जाईल, तेथे बारमधला तीन-चार वेळा जातो. शिवाय प्रत्येक खेपेला त्याचा तोल थोडा अधिक गेलेला असतो. तेव्हा गुळगुळीत चकचकीत फरशी, दारातला उंच उंबरठा आणि मिणमिणता रंगीत दिवा या तीन गोष्टी दिसल्या, तर मालकाने पैसा खर्च केला आहे पण विचार केलेला नाही, असे खुशाल समजावे. खरखरीत फरशी, पाणी वाहून जाईल असा उतार आणि स्वच्छ पांढरा उजेड यांची किंमत आरशापेक्षा जास्त आहे.

दुसरी परीक्षा नाकाची. ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. त्यातील युरियाचे जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि डोळ्यांना झोंबतो तो हाच वास. म्हणजे वास हे एक प्रकारचे घड्याळ आहे. शेवटची धुलाई होऊन किती वेळ लोटला, ते त्यावरून कळते. पुष्कळ ठिकाणी या घड्याळावर पांघरूण घालण्यासाठी मुतारीत डांबरगोळ्या टाकतात. डांबरगोळीचा वास फार उग्र आला, तर भांड्याच्या तळाशी पिवळट थर आहे का, ते पाहावे. थर असेल तर गोळ्या सफाईच्या जागी ठेवल्या आहेत, हे सिद्ध झाले.

कधी कधी मात्र सगळे घासूनपुसून लख्ख असते आणि तरी गटाराचा वास येतो. अशा वेळी सफाई करणाऱ्याला बोल लावू नये. दोष नळकामाचा असतो. संडासाच्या भांड्याखाली नळी वाकवलेली असते. त्या वाकात पाणी साचून राहते आणि ते पाणीच गटारातील वायूला अडवते. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले होते. जमिनीवरच्या जाळीखाली बसवतात त्या 'नहाणी ट्रॅप'चे तत्त्वही हेच. त्यात सुमारे दोन इंच पाणी उभे असेल, तर वायू वर येत नाही. वापर नसला की ते सुकते आणि वास खोलीत शिरतो. उपाय फुकटचा आहे : रोज एक तांब्या पाणी त्या जाळीत ओतावे. आईच्या पहिल्या ठिकाणी हा वास कित्येक महिने होता. मालक फिनाईलवर खर्च करीत राहिले. एका नळ कारागिराने बादलीभर पाणी ओतून दाखविले, तेव्हा तो गेला.

तिसरी परीक्षा वेळेची. संध्याकाळी सातला कोणतेही स्वच्छतागृह चांगलेच दिसते. ते पाहावे रात्री अकरानंतर. त्या वेळी नळाला पाणी आहे काय? साबण आहे काय? हात धुण्याच्या बेसिनमध्ये कोणी ओकले असेल, तर ते तुंबून राहिले आहे की कोणी तत्काळ साफ केले? दिवसातून एकदा धुणे ही बारच्या दृष्टीने सफाई नव्हे. तासातासाला कोणीतरी आत डोकावलेच पाहिजे.

आणि ते 'कोणीतरी' कोण, ही चौथी परीक्षा. सफाई करणाऱ्याच्या हातांत मोजे आहेत की नाहीत, हे बघावे. फरशीचे डाग काढायला अ‍ॅसिड वापरतात, तर जंतू मारायला ब्लीचिंग पावडर. ही दोन एकत्र झाली की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. कोंदट, खिडकी नसलेल्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. ज्या माणसाच्या हाती आपण या बाटल्या देतो, त्याला एवढी गोष्ट कोणी सांगितलेली असते का? मी दोन ठिकाणी विचारले. दोन्हीकडे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले.

पाचवी परीक्षा मी सर्वांत शेवटी शिकलो, पण मी तिला पहिला क्रमांक देतो. या जागेचा वापर कोणाला करता येत नाही?

आईच्या दुसऱ्या ठिकाणी एकच संडास होता. त्याचे दार टेबलांकडे उघडत असे आणि त्याला आतून कडी नव्हती. गिऱ्हाईक पुरुष, वेटर पुरुष. कडीवाचून कोणाचेच अडले नव्हते. आई दुपारी चारला कामावर जाई आणि रात्री साडेबाराला बाहेर पडे. चारनंतर ती पाणी पीत नसे. मे महिन्यात, पेटत्या भट्टीसमोर उभी राहून, ती पाणी पीत नसे. तिला वरचेवर उन्हाळी लागे. दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितले, "बाई, पाणी भरपूर प्या." आई त्यांना "बरं" म्हणाली आणि घरी येऊन हसली. मला मात्र त्या हसण्याचा अर्थ कळायला दोन वर्षे लागली. मी रोज रात्री त्या दाराशेजारी उभा राहून पुस्तक वाचीत होतो, आणि दाराला कडी नाही हे मला दिसले नव्हते.

कायदा काय म्हणतो? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात स्त्री व पुरुष कामगारांसाठी वेगळी व्यवस्था सांगितली होती. परंतु भटारखाना म्हणजे कारखाना नव्हे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमातही अशी सोय आहे. पण तो २०२५ पर्यंत मुख्यतः दहा व अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. आईच्या ठिकाणी तिला धरून आठ माणसे होती. २०११ पासून मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी मोफत व सुरक्षित मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही चळवळ चालविली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या आवारातील स्वच्छतागृहांबाबत निकाल देताना ही सोय घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात येते, असे सांगितले. हे कलम आम्हांला अभ्यासाला आहे. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली. ती लिहिताना मला ते दार आठवत होते.

मी मालकांशी बोललो. ते वाईट गृहस्थ नव्हते. "अरे, तुझी आई कधी बोलली नाही," असे ते म्हणाले, आणि तेही खरेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडी बसवून दिली. दार टेबलांकडे उघडायचे ते तसेच राहिले. आईने ती कडी दोन-तीनदाच वापरली. पुढे तिने ते काम सोडले. आताच्या ठिकाणी भटारखान्यामागे बायकांसाठी वेगळी जागा आहे. फरशी जुनी आहे, आरसा नाही, पण पाणी आहे, दिवा आहे आणि कडी लागते. आई आता कामावर जाताना पाण्याची बाटली नेते.

वाचकहो, आपणांपैकी जे अशा ठिकाणी जात असतील, त्यांना मी उपदेश करणार नाही. एवढीच विनंती की, परत येताना दाराला आतून कडी आहे का, ते पाहावे, आणि भटारखान्यातील बाई कोठे जातात, हे मालकांना एकदा विचारावे. गिऱ्हाइकाने विचारले तर ते ऐकतात.

— द्वितीय वर्ष, कला