धोरणांची सुसंगती आणि शाश्वत विकास : महाराष्ट्रातील ऊस व पाणी

शासनाच्या एखाद्या धोरणाचे परीक्षण बहुधा त्या धोरणापुरतेच केले जाते. उद्दिष्ट काय होते, खर्च किती झाला आणि फळ किती मिळाले, एवढे पाहिले म्हणजे परीक्षण पुरे झाले असे मानण्यात येते. परंतु शेतकऱ्याच्या बांधावर धोरणे एकेकटी येत नाहीत. दराचे, विजेचे, पाण्याचे व कर्जाचे धोरण तेथे एकाच वेळी येऊन पोहोचते, आणि शेतकरी जो निर्णय घेतो तो या सर्वांच्या एकत्रित प्रभावाखाली घेतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अखेरच्या उद्दिष्टात धोरणांच्या सुसंगतीचे स्वतंत्र लक्ष्य (क्रमांक १७.१४) समाविष्ट करण्यात आले आहे, त्यामागील भूमिका हीच होय.

या प्रश्नाचे तात्त्विक मूळ जुने आहे. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९५२ साली असे प्रतिपादन केले की, शासनाची जितकी स्वतंत्र उद्दिष्टे असतील, निदान तितकीच स्वतंत्र साधने त्याच्या हाती असली पाहिजेत. एकाच साधनाकडून दोन कामांची अपेक्षा केल्यास त्यांपैकी एक काम मागे पडते. महाराष्ट्रातील उसाच्या उदाहरणात या सिद्धान्ताचा प्रत्यय येतो.

प्रथम दराचे धोरण पाहू जाता, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये केंद्र शासन उसाचा दर ठरवते. २००९-१० च्या हंगामापासून तो ‘रास्त व किफायतशीर दर’ या नावाने ओळखला जातो. हा दर देण्याचे कायदेशीर बंधन कारखान्यावर आहे. तुरीलाही किमान आधारभूत किंमत जाहीर होते, पण खासगी व्यापाऱ्याने ती दिलीच पाहिजे असे बंधन नाही. साहजिकच निश्चित भाव आणि निश्चित गिऱ्हाईक या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या मुख्यतः उसालाच. विजेचे धोरण याच दिशेने ओढते. कृषिपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती, आणि एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देऊ केली. अशा स्थितीत पंप आणखी एक तास चालविण्याचा खर्च शेतकऱ्याच्या दृष्टीने शून्य होतो. इंधन धोरणाचाही यात वाटा आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास वाट मोकळी केली, व उसाच्या मागणीस नवा आधार मिळाला.

दुसऱ्या बाजूस पाणी राखण्याचे कायदे उभे आहेत. १९९३ च्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात बारमाही पिकांना ठिबक वा तुषार सिंचनाची अट घालण्याची तरतूद आहे. परंतु ज्या पाण्याची किंमत द्यावी लागत नाही ते वाचविणाऱ्यास त्या बचतीचा मोबदलाही मिळत नाही. ठिबकने वाचलेले पाणी मग उसाच्या आणखी एका एकराकडे वळते. तंत्र सुधारते, तरी पाण्याचा एकूण उपसा कमी होत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. राज्याच्या एकूण पीकक्षेत्रापैकी सुमारे ४ टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने उसाच्या दराविषयीच्या अहवालात नमूद केले होते. वार्षिक सरासरीत एक गोष्ट झाकली जाते. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो व ऐन उन्हाळ्यात, म्हणजे गावाच्या विहिरी आटू लागतात त्याच महिन्यांत, त्याची पाण्याची गरज तीव्र असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. लागोपाठच्या अवर्षणाचे ते तात्कालिक फळ होते. तथापि अवर्षणास तोंड देण्यासाठी जमिनीत व धरणांत किती पाणी शिल्लक असेल, हे आधीच्या वर्षांतील पीकरचनेवर अवलंबून असते.

यावर समन्वय समितीचा उपाय सामान्यतः सुचविला जातो. त्याची मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. २००५ च्या अधिनियमानेच मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद आणि एकात्मिक जल आराखडा यांची तरतूद केली होती. प्रत्यक्षात आराखड्यास मान्यता मिळाली ती २०१८ साली. शिवाय दर व इंधन हे विषय केंद्राकडे आणि पाणी राज्याकडे, अशी विभागणी असल्याने एका शासनाची समिती पुरी पडत नाही. विसंगती एकाच शासनाच्या दोन हेतूंतही उद्भवते. इथेनॉलसाठी कारखान्यांना व्याजात सवलत देणाऱ्या केंद्र शासनानेच डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या तुटीच्या भीतीने उसाच्या रसाच्या वापरावर निर्बंध आणले, व ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविले.

सुसंगती साधण्याचा खरा प्रश्न, कोणत्या उद्दिष्टास अग्रक्रम द्यावा व त्यासाठी कोणाची हानी कशी भरून काढावी, हा आहे. ऊस लावणारा शेतकरी उपलब्ध धोरणांच्या चौकटीत शहाणपणाचाच निर्णय घेत असतो. त्यास केवळ मनाई केल्यास हंगामाचे उत्पन्न बुडते, आणि तोडणी मजुराचा रोजगारही त्याबरोबर जातो. पंजाबने २०१८ साली सुरू केलेल्या योजनेची दिशा या दृष्टीने विचारार्ह आहे. तेथे पंपासाठी विजेचा ठरावीक कोटा देऊन, न वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्यास ४ रुपये देण्यात आले. अनुदान काढून न घेता त्याचे तोंड बचतीकडे वळविण्याचा तो प्रयत्न होय. टिनबर्गेन यांच्या भाषेत बोलावयाचे तर उत्पन्नाच्या आधारासाठी एक साधन व पाण्याच्या बचतीसाठी दुसरे, असे विभाजन तेथे झाले.

महाराष्ट्रात याच्या जोडीस तूर, हरभरा, ज्वारी यांच्या खात्रीच्या खरेदीची व्यवस्था आवश्यक ठरेल. नव्या दराचा, सवलतीचा वा कारखान्याच्या परवान्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्या खोऱ्यातील उन्हाळी पाण्यावर काय परिणाम होईल, याची तपासणी बंधनकारक केल्यास धोरणांची गाठ शेतावर पडण्याआधी कागदावर पडेल. अशी तपासणी खोरेनिहाय करण्यास लागणारी पीक, वीज व भूजल यांची माहिती आज निरनिराळ्या विभागांच्या दप्तरी विखुरलेली आहे. ती एकत्र मांडण्याचे काम विद्यापीठीय संशोधनाच्या आवाक्यातील आहे.