बिघाड नेमका कोठे?

नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतांना पाणी देतो. सोमेश्वरनगरच्या आसपास राहणाऱ्या वाचकांनी पाण्याची पाळी चालू असताना शेतकऱ्यांची धांदल पाहिलीच असेल. समजा, पाळी असूनही तुमच्या उसाला पाणी आले नाही, तर तुम्ही काय कराल? फावडे घेऊन वाटेल तेथे खणत सुटाल काय? जाणता पाटकरी तसे करीत नाही. तो आधी चौकशी करतो. शेजारच्या शेतात पाणी आहे ना? मग बिघाड तुमच्याच पाटात आहे. चारीवरची सगळी शेते कोरडी, पण कालवा मात्र भरून वाहतो आहे? मग अडथळा चारीच्या तोंडाशी आहे. कालवाच कोरडा असेल, तर शोध त्याहून वर घ्यावा लागेल. काय अडकले आहे हा प्रश्न नंतरचा. कोठे अडकले आहे, हा पहिला!

मज्जाविकारांचे डॉक्टर अगदी असाच विचार करतात. एखाद्या माणसाचा पाय एकाएकी उचलेनासा झाला, तर दोष पायातच असेल असे नाही. पाय हलवण्याची आज्ञा मेंदूतून निघते. ती मज्जारज्जूतून, म्हणजे पाठीच्या कण्यातील जाड दोरीतून, खाली येते. तेथील पेशी ती आज्ञा मज्जातंतूंवाटे पुढे धाडतात. तंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये एक सूक्ष्म फट असते. ती एका रसायनाच्या साहाय्याने ओलांडली जाते आणि मग स्नायू आकसतो. या वाटेवर कोठेही खंड पडला, तरी तक्रार एकच : पाय उचलत नाही.

गुडघ्याची साक्ष

मग डॉक्टरांना ठिकाण कळते तरी कसे? एक सोपा प्रयोग करून पाहा. उंच बाकावर पाय सैल सोडून बसा. मित्राला गुडघ्याच्या वाटीच्या थोडे खाली तळहाताच्या कडेने हलकेच मारायला सांगा. पाय आपोआप पुढे उडेल. ही प्रतिक्षिप्त क्रिया होय. तिचा निरोप गुडघ्यापासून मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तेथूनच परत फिरतो. मेंदूला विचारले जात नाही, पण मेंदूचा तिच्यावर लगाम असतो.

आता विचार करा. मज्जातंतू बिघडला, तर निरोपाची वाटच तुटते आणि पाय उडतच नाही. बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागात असला, तर वाट शाबूत राहते पण लगाम सुटतो. मग काही दिवसांत पाय नेहमीपेक्षा जोराने उडू लागतो. पाय दोन्ही वेळी दुबळाच, पण हातोडीच्या एका ठोक्याने दोन जागा वेगळ्या ओळखता येतात! शिवाय टाचणी टोचलेली कळते का, दुबळेपणा एका बाजूला आहे की दोन्ही, हेही डॉक्टर पाहतात.

ठिकाण ठरले की दुसरा प्रश्न : हे किती वेळात झाले? क्षणात झाले असेल, तर रक्तवाहिनी तुंबल्याचा किंवा फुटल्याचा संशय येतो. काही तासांत किंवा दिवसांत झाले असेल, तर विष, रोगजंतू किंवा शरीराचा आपल्याच भागांवरील हल्ला. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेले असेल, तर गाठ किंवा पेशींची झीज. हे नियम अगदी काटेकोर नाहीत, पण शोधाची दिशा त्यांनी ठरते.

मुंबईचे कोडे

१९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरे आणि थोड्या दिवसांत डोळे बरे होत. हीच साथ १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात दिसली होती. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला, म्हणून तेथे तिला ‘अपोलो ११’ हे नाव पडले.

याच सुमारास मुंबईत काही निराळे रुग्ण येऊ लागले. आधी कंबर आणि पाय दुखायचे, मग पायांतील शक्ती जायची, एका पायातील अधिक तर दुसऱ्यातील कमी. पाय लुळे पडत, गुडघ्याचा झटका नाहीसा होई. पण टोचलेले कळत असे. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रुग्ण तपासले. ठिकाण कोणते? लगाम सुटलेला नाही, स्पर्शाची वाट शाबूत आहे. तेव्हा बिघाड मज्जारज्जूतील स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशींत आणि तेथून निघणाऱ्या मुळांत असला पाहिजे.

हे वर्णन पोलिओशी जुळते. पण पोलिओ हा मुख्यतः लहान मुलांचा आजार. हे रुग्ण तर बहुतेक प्रौढ! न जुळणारा पुरावा बाजूला सारायचा नाही, हे येथे महत्त्वाचे ठरले. मागची हकिकत पाहता धागा सापडला : काही दिवसांपूर्वी किंवा आठवड्यांपूर्वी यांचे डोळे आले होते. पायाची तक्रार सांगायला आलेला माणूस बऱ्या झालेल्या डोळ्यांविषयी आपण होऊन कशाला बोलेल? ते विचारावेच लागते. वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा संबंध मांडला. साथीचा विषाणू, एंटेरोव्हायरस ७०, पोलिओच्या विषाणूच्याच गोतातला निघाला. १९८१ साली मुंबईत पुन्हा साथ आली तेव्हाही असे रुग्ण आढळले आणि त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांनी या तर्काला बळकटी आली.

पुण्याची साथ

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, हातपाय लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. मार्चपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. येथेही गुडघ्याचा झटका नाहीसा होई. पण दुबळेपणा दोन्ही बाजूंना सारखा असून बहुधा पायांकडून वर चढत जाणारा, आणि पुष्कळांना मुंग्याही येत. म्हणजे ठिकाण वेगळे : खुद्द मज्जातंतू आणि त्यांची मुळे. हा ‘गियाँ-बारे’ विकार. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली दाखवले की, यात पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढतात, पण पेशी फारशा वाढत नाहीत.

कारणाचा धागा या वेळी पोटाशी होता. अनेकांना आधी जुलाब झाले होते, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे चुकून आपल्याच तंतूंवर चालून जातात. ठिकाण आणि कारण कळले की उपायही ठरतो : शिरेतून प्रतिपिंडांचे औषध देणे किंवा रक्तातील द्रव बदलणे, आणि श्वासाचे स्नायू थकल्यास यंत्राने श्वास देणे.

पहाटेची पापणी

आता तुमच्याच शिवारातले एक कोडे सोडवा. पावसाळ्याचे दिवस आहेत. जमिनीवर झोपलेला एक धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीने उठतो. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, आवाज खोल जातो. तो शुद्धीवर आहे आणि टोचलेले त्याला कळते. अंगावर जखम नाही. घरचे म्हणतात, अपचन झाले. कोणी म्हणते, बाहेरची बाधा झाली. तुम्ही काय म्हणाल?

क्रमाने चला. दोन्ही पापण्या सारख्याच मिटतात आणि शुद्ध कायम आहे, म्हणून मेंदूतील बिघाड संभवत नाही. पापण्यांची आज्ञा पाठीच्या मज्जारज्जूतून जात नाही, म्हणून तोही सुटला. स्पर्श शाबूत आहे. उरली ती तंतू आणि स्नायू यांच्यामधली फट. वेळ किती? एका रात्रीची. एवढ्या वेळात तेथे घाव घालणारे बहुधा विषच. पिकावर मारायचे कीटकनाशक तर नव्हे? त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम आणि लाळ वाहते. येथे तसे काही नाही. मग संशय जातो तो मण्यारीवर. हा साप रात्री हिंडतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही आणि खूण दिसेलच असे नाही. जखम नाही म्हणजे साप नाही, असा निष्कर्ष जिवावर बेततो.

येथे प्रत्येक तास मोलाचा आहे. मण्यारीचे विष तंतूंची टोके निकामी करते. प्रतिविष पुढची हानी थांबवू शकते, झालेली भरून काढू शकत नाही. म्हणून ते लवकर मिळाले पाहिजे. पुढे रुग्णाची बोटसुद्धा हलत नाही, बाहुल्याही विस्फारून स्थिर होतात, आणि आतून जागा असलेला माणूस मेलेला वाटू शकतो! पण यंत्राने श्वास चालू ठेवला, तर तंतूंची टोके पुन्हा वाढतात आणि तो आपल्या पायांनी घरी जातो.

घरात कोणी असे आजारी पडले, तर मोठ्यांना सांगून रुग्णाला लगेच सरकारी रुग्णालयात न्यायला लावा. आणखी एक काम तुम्हीच करू शकता. कागद घ्या आणि काय आधी झाले, काय नंतर, किती वाजता, हे लिहून काढा. रुग्ण कोठे झोपला होता, गेल्या महिन्यात त्याला कोणता आजार झाला होता, कोणते औषध फवारले होते, हेही लिहा. ‘बाधा झाली’ किंवा ‘अपचन झाले’ असले निष्कर्ष त्यात लिहू नका; जे दिसले तेवढेच लिहा. बिघाड कोठे आहे हे शोधताना डॉक्टरांना त्या कागदाची हातोडीइतकीच मदत होईल.