रविवारचा स्वयंपाक आणि सवीर्यता-अवधी

पर्युषित अन्न वर्ज्य, हे आपल्या शास्त्राचे स्पष्ट मत आहे. वाग्भटाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात पुन्हा उष्ण केलेले अन्नही त्याज्य भोजनात गणले आहे. चरकाचार्यांनी आहारविधीत उष्ण अन्नाला अग्रस्थान दिले, त्यामागे अग्नीचाच विचार आहे. याबाबत वैद्यवर्गात दुमत असण्याचे कारण नाही. अडचण येते ती रुग्ण समोर बसल्यावर. केसपेपरवर ‘ताजे व गरम अन्न घ्यावे’ असे लिहिताना त्या स्त्रीचा दिवस कसा जातो, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

आपल्या भागापुरते पाहू. तारापूरचे अणुविद्युत केंद्र 1969 साली सुरू झाले; बोईसरभोवती औद्योगिक वसाहत वाढली; 2013 साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. आज अनेक घरांत पती पाळीवर कारखान्यात आणि पत्नी पहाटेच्या गाडीने विरार-मुंबईकडे, अशी स्थिती आहे. अशा घरी सुट्टीचा एक दिवस आठवड्याच्या स्वयंपाकाला वाहिलेला असतो. कुकर तीन-चार वेळा लागतो, भाज्या परतून डब्यांत भरल्या जातात, कणीक मळून ठेवली जाते आणि रविवारी शिजलेली आमटी गुरुवारी पानात येते.

रुग्णा हे आपणहून सांगत नाही. वैद्य रागावतील, अशी तिला भीती असते. मग आठवडा सरता सरता आध्मान, अम्लोद्गार, अरुची या तक्रारी घेऊन ती येते. आपण अविपत्तिकर देतो, शंखवटी देतो. औषधविक्रेत्याकडून ती हिंग्वाष्टकाची डबी परस्पर नेते. पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. निदानपरिवर्जनाची दीक्षा घेतलेल्या वैद्याने निदानाविषयी विचारूच नये, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पण नुसता निषेध सांगूनही काही साधत नाही. तिचा दिवस त्याने लांबत नाही.

प्रश्न विचारावयाचा तो निराळा: सुट्टीच्या दिवशी काय ‘शिजवले’ आणि कशाची केवळ ‘तयारी’ केली? या भेदाची किल्ली आपल्याच भैषज्यकल्पनेत आहे. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले, घृत-तैलादींना चार महिने व गुटिका-अवलेहांना एक वर्ष दिले, तर आसव, धातू व रस जुने झाल्याने अधिक गुणवान मानले. स्वरस, क्वाथ, हिम, फांट मात्र त्या त्या वेळी सिद्ध करून द्यावयाचे. कोणताही फार्मसीचालक भरड वर्षभराच्या हिशेबाने साठवील, पण सोमवारचा काढा शनिवारी विकणार नाही. सिद्ध द्रव्यात जलांश जितका अधिक तितका त्याचा अवधी कमी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हाच नियम स्वयंपाकघराला लावावा. चूर्ण, भरड, कल्क रविवारी. क्वाथ रोजचा रोज.

प्रत्यक्षात हे असे दिसते. तांदूळ व मुगाची डाळ कोरडी, मंद आचेवर भाजून जिरे-हळदीसह बरणीत भरावी. संध्याकाळी पाणी व मीठ घालून कुकर लावला की थोड्या वेळात खिचडी तयार होते. भाजल्याने धान्य लघु होते, हा लाभ वेगळाच. आपल्याकडे वाडा कोलम मुबलक आहे, त्याची अशी खिचडी छान होते. भाजणी, मेतकूट, सुक्या खोबऱ्याची चटणी यांना तर फ्रिजही लागत नाही. कांदा व सुके खोबरे भाजून केलेल्या वाटणाचे एकेका वेळेपुरते गोळे गोठवून ठेवावेत. आले-लसणाचे वाटण फ्रिजमध्येच असावे. वर तेल घातले म्हणून ते बाहेर ठेवणे धोक्याचे. वाल शनिवारी भिजवून मोड आणले की सोललेले बिरडे फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. पालेभाजी निवडून, न धुता, न चिरता कापडात गुंडाळावी. कणीक फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापेक्षा तांदळाच्या पिठाची भाकरी सोपी, उकड काढण्यास वेळ तो किती लागतो!

शिजलेले वरण किंवा भाजी ठेवणे अगदीच अपरिहार्य असेल तर मी दोन दिवसांची मर्यादा सांगतो. मात्र भाताविषयी सवलत देत नाही. शिजल्यानंतरही बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू भातात जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि वांती घडविणारे त्यांचे विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही. वाग्भटांच्या निषेधामागे हेच कारण होते, असा दावा मी करणार नाही. परंतु पातेल्यातच रात्रभर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात भरणाऱ्यांना हे दोन्ही सांगावे. उरलाच तर भात परातीत पातळ पसरून निववावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी, वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवावा. पावसाळ्यात वीज कित्येक तास गेली असेल तर फ्रिजमधील शिजलेल्या अन्नावर भिस्त ठेवू नये. अशा वेळी कोरड्या बरण्यांचे मोल कळते.

किनाऱ्याला ही रीत नवीन नाही. पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करणाऱ्या उत्तर कोकणातील गृहिणीने शिजलेले काही साठविले नाही. तिने साठविले ते सुके बोंबील, जवळा, वाल, मसाला, चिंच, मीठ. सातपाटीच्या ओट्यांवर वाळणारी मासळी म्हणजे जलांश काढून टाकण्याचाच उद्योग होय. अर्थात चरकाचार्यांनी वाळविलेले मांस व शुष्क शाक यांचा नित्य अभ्यास गौरवामुळे नको म्हटले आहे, तेव्हा सुकी मासळी आठवड्यातून एखादे वेळी, तीही अग्निबल पाहून.

एक गोष्ट स्त्री-रुग्णांशी बोलताना ध्यानात येते. हा सारा भार एकटीवर असतो, आणि ‘ताजे करा’ या आपल्या आज्ञेने तो दुप्पट होतो. म्हणून मी शक्यतो पतीलाही बोलावून घेतो. वाल सोलणे, धान्य भाजणे, पालेभाजी निवडणे यांसाठी काही विशेष कौशल्य लागते असे नाही. पाळीवरून आलेल्या माणसाला कुकर लावता येतो.

औषधाच्या वेष्टनावर मुदत छापणे नियम 161-ब अन्वये बंधनकारक आहे. माझ्या परिचयाचे एक औषधविक्रेते पाचक चूर्ण मागणाऱ्या गिऱ्हाइकाला कोऱ्या चिकट लेबलांची एक पट्टी फुकट देतात. घरच्या डब्यांवर दिनांक लिहिण्यासाठी. चूर्णाचा खप थोडा घटला, असे ते हसत सांगतात, पण दुकान बदललेले नाही.